मी कुणाला गोरं करत नाही

मी घडीचा कॅमेरा आहे. जुना आहे, माझ्या भात्याला तीन ठिकाणी ठिगळं आहेत, पितळ काळवंडलं आहे. पण मित्रांनो, माझी कीव करायला बसला असाल, तर आधीच उठा. मला कीव नको. मला तुम्हाला एक हकिगत सांगायची आहे, आणि ती सांगताना मी कुणाची भीड ठेवणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझी खरी आठवण सुरू होते ती १९२७ साली, मुंबईतल्या एका दुकानात. आत्माराम भाटकर नावाचे एक गृहस्थ बारा वर्षं मुंबईत एका फोटोवाल्याकडे नोकरीला होते. आता त्यांना आपल्या गावी, रत्नागिरीला, स्वतःचं दुकान काढायचं होतं. त्यांनी मला उपरण्यात गुंडाळलं आणि बोटीत मांडीवर घेऊन बसले. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रातच थांबे आणि माणसं पडावात उतरत. उतरताना आत्मारामांनी आपली ट्रंक खलाशाकडे फेकली, मला मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. माझ्या आयुष्यातला पहिला मान तो.

बाजाराजवळ एक कौलारू खोली त्यांनी घेतली. वरची आठ-दहा कौलं काढून तिथं काचेची कौलं बसवली, म्हणजे उजेड खाली पडावा. तिथं मी तिपाईवर उभा राहिलो. शाळेतल्या वर्गांचे फोटो मी काढले. कचेरीतल्या कारकुनांचे काढले. नव्या होडीशेजारी छाती काढून उभ्या राहिलेल्या तांडेलांचे काढले. आणि सगळ्यांत जास्त काढले ते लग्नाच्या मुलींचे. मुलगे मुंबईला असत, मुली इथं. फोटो आधी मुंबईला जाई, मग बोलणी होत.

त्या काळी फोटो काळापांढरा असे. ज्याला रंग हवा असेल, त्याचा फोटो आत्मारामांच्या पत्नी, मथुराबाई, हाताने रंगवत. काडीला कापूस गुंडाळून त्या लुगड्याला हिरवा रंग देत, बारीक ब्रशाने नथीतला एकेक मोती उठवत. मी कौतुक लपवत नाही, त्यांचा हात फार सुरेख होता. पण शेवटी चेहऱ्याची पाळी येई. मुलीचा बाप काउंटरवर वाकून हळूच सांगे, "जरा उजळ करा हां." मग मथुराबाई गालांवर गुलाबी थर देत, कपाळ उजळत, हात उजळत. मिठागरात, शेतात, वाळूवर रापलेली मुलगी मी नीट पाहिलेली असे. फोटो मुंबईला निघेपर्यंत ती कुणी दुसरीच झालेली असे.

गावभर नाव झालं. "मथुरेचा हात लागला की पोरगी उजळते," असं लोक म्हणत. मला त्याचा राग येई. पण मी कॅमेरा. मला पाहता येतं, बोलता येत नाही.

१९३४ साली तापाच्या साथीत आत्माराम गेले. दुकान बंद होणार असं सगळ्यांनी धरलं. त्यांचा धाकटा भाऊ धाकू मला विकायला गिऱ्हाईकसुद्धा घेऊन आला. मथुराबाईंनी मला तिपाईवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "भावोजी, ह्याला गिऱ्हाईक नको. ह्याला फिल्म हवी आहे. मुंबईला कागद लिहा."

"बाईमाणूस फोटो काढणार?"

"इतकी वर्षं काळोख्या खोलीत बसून धुतले कुणी?"

धाकूने गिऱ्हाईक परत पाठवलं. तेराव्या दिवसानंतर दुकान उघडलं.

मिरकरवाड्यात भागोजी तांडेल राहत. आत्मारामांचे ते जुने स्नेही. त्यांची मुलगी गोदा सतरा वर्षांची होती. जाळी विणण्यात तिचा हात धरणारं वाड्यात कुणी नव्हतं. रंगाने ती काळी होती, चांगली तुकतुकीत काळी, आणि डोळ्यांत धार होती. १९३५ च्या सुरुवातीला भागोजी तिला घेऊन आले. मी फोटो काढला. मथुराबाईंनी तो रंगवला. भागोजींनी सांगितलं होतं म्हणून जरा जास्तच उजळ रंगवला.

फोटो मुंबईला पसंत पडला. मुलाकडची पाच माणसं बोटीने आली. भागोजींच्या घरात पोह्यांच्या बशा फिरल्या. गोदा बाहेर आली. मुलाच्या मामाने तिच्याकडे पाहिलं, खिशातला फोटो काढून पाहिला आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही धाकटी का? फोटोतली मुलगी आत आहे वाटतं?"

पोहे आणि फोटो तसेच ठेवून माणसं उठली. वाडा दारात जमला होता. सगळ्यांच्या देखत पाहुणे पडावाकडे चालते झाले.

हे मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी गोदा दुकानात आली, आणि बाजारातून सगळी हकिगत तिच्याआधीच येऊन पोचली होती. तिच्या हातात तो फोटो होता. तिने तो काउंटरवर मथुराबाईंसमोर ठेवला.

"काकू, ही कोण वो?"

मथुराबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"मी इचारतेय. ही कोण? लोक हिला बघायला आले नि मला बघून गेले. हिचं घर कुठं हाय ते सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तिकडंच पाठवू त्यांना."

"गोदे, चुकलं माझं."

"तुमचं एकटीचं नाय. बाबांनी सांगितलं, तुम्ही रंगवलं, मी गप बसले. पण परत असा करू नका. माझा नाय, कुणाचाच नाय."

फोटो तिथंच टाकून ती निघून गेली. मथुराबाई बराच वेळ त्या गुलाबी चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चेहऱ्यांसाठीचे रंग उचलले आणि मागच्या परसात नेऊन मातीत ओतले. लुगड्यांचे आणि फुलांचे रंग तेवढे ठेवले. दुसऱ्या दिवसापासून उजळ करायला सांगणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच उत्तर देत, "लुगडं रंगवीन, तोंड नाही." गिऱ्हाईक भराभर कमी झालं. मला मात्र पहिल्यांदाच त्या बाईंचा अभिमान वाटला.

तेवढ्यात, १९३६ च्या सुरुवातीला, आम्हाला फिल्म पाठवणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराचं पत्र आलं. माझ्यात बसणारी रंगीत फिल्म आता मिळू लागली होती. रंग कुणी भरायचे नव्हते, फिल्मच रंग टिपणार होती. दोन जातींची फिल्म होती. एक पिवळ्या डबीतली, एक निळ्या डबीतली. मथुराबाईंनी दोन्ही मागवल्या. रोजच्या कामाला यांतली एकच ठेवायची, आणि ती पारखून ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. डब्या आल्या तेव्हा त्यांनी त्या पत्र्याच्या डब्यात भाजलेल्या तांदळांत पुरून ठेवल्या, कारण आमच्या खाऱ्या हवेत फिल्मला दमटपणा लवकर धरतो.

पहिला रोळ सबंध वाया गेला. माझ्या पाठीला एक लहान लाल खिडकी आहे. कितवा फोटो चालला आहे त्याचा आकडा तिच्यातून दिसतो. साध्या फिल्मला लाल उजेड बाधत नाही. रंगीत फिल्मला बाधतो. हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईहून धुऊन आलेल्या फिल्मवर नुसते लाल डाग होते. धाकू म्हणाला, "सांगत होतो, हा उद्योग आपला नाही." मथुराबाईंनी काळ्या कापडाचा तुकडा घेतला, माझ्या खिडकीवर खळीने चिकटवला आणि दुसरा रोळ भरला.

मग त्यांनी काय केलं, ते ऐका. त्यांनी राणी-महाराणीचा फोटो काढला नाही, फुलांचा गुच्छही मांडला नाही. परसातल्या चिऱ्याच्या भिंतीसमोर भरदुपारी एक पाट मांडला. त्यावर जांभ्या दगडाचा तुकडा ठेवला, मूठभर ओली कोकमं ठेवली, एक ताजा बांगडा ठेवला आणि शेवटी आपला स्वतःचा हात ठेवला. ज्या वस्तूंचा रंग आपल्याला नक्की ठाऊक आहे, त्यांच्यावरूनच फिल्म ओळखता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. गोदाला बोलावून तिला माझी कळ दाबायला शिकवलं. पिवळ्या डबीच्या फिल्मला माझं शटर फार वेळ उघडं राहावं लागे. बाईंचा हात अवघडला, पण हलला नाही. निळ्या डबीला वेळ कमी लागे, पण ऊन कडक हवं.

दोन्ही फिल्म धुऊन आल्या. या फिल्मचा फोटो कागदावर उतरत नसे. ती पारदर्शकच असे आणि उजेडासमोर धरून पाहावी लागे. मथुराबाई आणि गोदा परसात उभ्या राहिल्या. मथुराबाईंनी आधी पिवळ्या डबीची फिल्म उन्हासमोर धरली. फार सुंदर होती ती, मी नाकारत नाही. सगळं मऊ, सगळं सोनेरी. जांभा गुलाबासारखा दिसत होता, आणि बाईंचा हात एखाद्या मडमेचा वाटत होता.

"ही पण रंगवतेच," गोदा म्हणाली.

मग निळी. ती जरा अंधारी होती, आणि निरखून पाहिलं तर तिच्यावर रंगाच्या बारीक बारीक रेघा दिसत. पण जांभा जांभा होता. कोकमं काळसर लाल होती. बांगड्याच्या पाठीवरची निळाई जिवंत होती. आणि पाटावरचा हात मथुराबाईंचाच होता, सावळा, शिरा वर आलेला, नखांच्या कडांना फोटो धुण्याच्या औषधाचे तपकिरी डाग असलेला.

मथुराबाईंनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा फिल्मकडे. "ही," त्या म्हणाल्या.

मुंबईच्या दुकानदाराने पुन्हा लिहिलं, लग्नाच्या फोटोंना पिवळीच चालते, तिच्यात माणसं उजळ येतात. बाईंनी कार्ड टाकलं. त्यावर दोनच वाक्यं होती. "म्हणूनच ती नको. निळी पाठवत जा."

मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी, गोदाचा फोटो काढला. तिने कुणाचे दागिने मागून आणले नाहीत. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, बस्स. ती चिऱ्याच्या भिंतीसमोर उभी राहिली आणि तिने सरळ माझ्या भिंगात पाहिलं. मित्रांनो, मी हजारो माणसं पाहिली आहेत. बहुतेक जण माझ्यापुढे अंग चोरतात. ती चोरत नव्हती.

फोटो आला तो शेवटच्या बोटीने. मथुराबाईंनी तो दोन काचांमध्ये धरला, लाकडी चौकटीत बसवला आणि दुकानाच्या खिडकीत असा टांगला की सकाळचं ऊन त्यातून यावं. बाजार थांबून पाहू लागला.

"एवढी विलायती फिल्म आणून काळी ती काळीच?" एकजण म्हणाला.

"काळी माणसं काळी नाही तर कशी दिसायची?" मथुराबाईंनी आतूनच विचारलं.

बातमी मिरकरवाड्यात गेली. भागोजी तरातरा आले.

"वैनी, तो फोटो काढा तिथनं! एकदा अब्रू गेली ती पुरे नाय झाली? आता बाजारात मांडलीत पोरगी?"

मथुराबाई चौकटीपाशी गेल्या. पण त्यांनी ती उतरवली नाही, तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "माझ्या ब्रशाने तुमची अब्रू घालवली, भागोजी. ह्या फोटोने नाही."

तेवढ्यात गोदा मागून आली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. "मीच सांगितलं काकूंना लावायला. आणि बाबा, पुढचं स्थळ आलं की हाच पाठवा."

"हा बघून कोण येईल गो?"

"नसेल यायचं तर नको येऊ दे! ज्याला नको म्हणायचं हाय त्याने मुंबईतच म्हणावं. माझ्या दारात येऊन, माझे पोहे टाकून नको."

भागोजी बापमाणूस होते, वाईट नव्हते. मामाने विचारलेला तो प्रश्न त्यांच्याही मनात सलत होता. ते काउंटरला टेकून उभे राहिले. मग त्यांनी फोटोकडे नीट पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच. "आईवर गेलीस," एवढंच ते म्हणाले.

फोटो मुंबईला गेला. कापसात गुंडाळून, लाकडी पेटीत, टपालाने. दोनदा परत आला. दुसऱ्यांदा काच फुटलेली होती. मथुराबाईंनी नवी काच बसवली. गोदा दोन्ही वेळा म्हणाली, "बरं झालं. त्यांची फेरी वाचली." तिचा आवाज दोन्ही वेळा एकसारखाच होता, पण दुसऱ्यांदा ती घरी जायच्या आधी परसात बराच वेळ एकटी उभी होती. मी ते पाहिलं. धीट माणसालाही लागतं, मित्रांनो.

तिसऱ्यांदा फोटो टपालाने परत आला नाही. दिवाळीनंतर एक माणूसच तो घेऊन आला. हरिश्चंद्र त्याचं नाव, मूळचा मालगुंडचा, मुंबईला एका आगबोटीवर बॉयलरपाशी काम करणारा. पेटीवर दुकानाचा पत्ता होता म्हणून तो पडावातून उतरून थेट दुकानात आला. निरोप गेला. भागोजी आले, आणि गोदा जाळं टाकून जशी होती तशी आली, बोटांना सुताचे वळ उमटलेले.

हरिश्चंद्राने फोटो उजेडासमोर धरला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आहे तशीच आहे." भागोजींनी सुटकेचा श्वास सोडला.

"माझा फोटो तुम्ही महिनाभर बघितलात," गोदा म्हणाली. "तुमचा कुठाय?"

"गोदे!" भागोजी ओरडले.

हरिश्चंद्र गोंधळला. त्याने खिशातून एक फोटो काढला. मुंबईच्या कुठल्याशा दुकानात रंगवलेला, गाल लालचुटूक, केस चकचकीत. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर कानापासून खांद्यापर्यंत भाजल्याचा मोठा व्रण होता. फोटोत व्रण नव्हता.

"ह्यो चालणार नाय," गोदा म्हणाली. "काकू, निळी डबी हाय का?"

मग हरिश्चंद्र मोठ्याने हसला. त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढलं, कॉलर खाली केली आणि परसात भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. मी त्याला टिपलं, व्रणासकट.

"काय ते सांग मग," भागोजी म्हणाले.

"फोटो येऊ दे," गोदा म्हणाली. "मग सांगते."

तीन आठवडे मुंबईच्या माणसाला थांबावं लागलं. असं त्या गावात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. लोक हसले, चिडले, भागोजींना रस्त्यात थांबवून बोलले. भागोजी म्हणत, "पोरीला इचारा." फोटो आला तेव्हा गोदाने तो उन्हासमोर धरला आणि इतका वेळ पाहिला की मथुराबाई आत जाऊन आपल्या कामाला लागल्या.

"सांगा त्यांना," ती शेवटी म्हणाली. "हो म्हणून सांगा."

त्यानंतर दुकानात रोजच्या कामाला निळी डबीच राहिली. सगळं गाव आमच्याकडे वळलं असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. पुष्कळ लोक सावर्ड्याकडून येणाऱ्या एका फिरत्या फोटोवाल्याकडे गेले, तो मागाल तेवढं गोरं करून देई. पण काही बाप मुलींना घेऊन आमच्याकडेच येत, आणि मुलाचा फोटो आधी मागत. काही मुली तर बापाशिवायच येत.

१९३९ च्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली. परदेशी माल येईनासा झाला. तांदळाच्या डब्यात एकच निळी डबी उरली. ती जपून जपून वापरली, आणि एके दिवशी रोळावर एकच फोटो उरला. गोदा माहेरी आली होती, कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती. मथुराबाई म्हणाल्या, "आण तिला, शेवटचा हिचा काढू."

"हिचे निघतील पुढं. तुम्ही बसा."

"विधवेचा फोटो कोण काढतं गो?"

"मी काढते. कळ दाबायला तुम्हीच शिकवलंत."

मथुराबाईंनी पुष्कळ सबबी सांगितल्या. ऊन उतरलं, लुगडं जुनं आहे, केस पिकले आहेत. मग एकाएकी त्या थांबल्या, परसात गेल्या आणि भिंतीसमोर स्टुलावर बसल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. इतकी वर्षं त्या माझ्या मागे उभ्या होत्या. समोरून मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं.

"हसा जरा, काकू."

"कशाला?"

"मग नका हसू."

गोदाने कळ दाबली. माझं शटर त्या दिवशी जेवढं नेमकं चाललं तेवढं कधीच चाललं नाही.

मुंबईहून फोटो आला तेव्हा मथुराबाईंनी तो खिडकीत टांगला. धाकू आला. बाजारातून येताना त्याने लोकांचं बोलणं ऐकलं होतं.

"वैनी, हे शोभत नाही."

"शोभेसाठी नाही काढला, भावोजी."

तो आजही तिथंच आहे.

मी आता फळीवर असतो. माझ्या मापाची फिल्म आता मिळत नाही म्हणून काम नाही, एवढंच. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर भिंगावरची बुरशी मऊ फडक्याने टिपा, घासू नका. भाता उन्हात वाळत घालू नका, तो तडकतो. त्या पारदर्शक चित्रांना बोटं लावू नका, कडांना धरा आणि उजेडासमोर नेऊन पाहा, कारण अंधारात ती काहीच सांगत नाहीत. फिल्म पुन्हा येईल. त्या दिवशी मला फळीवरून काढणारा जो कुणी असेल त्याला माझी एक अट आहे. समोर बसलेलं माणूस जसं आहे तसं बघायची हिंमत असेल, तरच माझं झाकण उघडा. नसेल, तर राहू दे मला धुळीत. खोटं बघण्यापेक्षा आंधळं राहणं मला मान्य आहे.